वाचक विचारतात : नळदुर्गचा टेलर साहेब

मागच्या अंकात नळदुर्गच्या किल्ल्यावर लिहिताना फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याला मी दोन-चार ओळींत उरकलं होतं. पाणीमहाल, बोरी नदी, नर-मादी धबधबा, उपळ्या बुरूज यांवर मात्र पानंच्या पानं खर्ची घातली होती. पत्रं आली ती सगळी साहेबाबद्दल. पाणीमहालाबद्दल एकानंही अवाक्षर विचारलं नाही. ठीक आहे, या खेपेला साहेबच. पत्रं लांब होती, गाभा ठेवून ती छाटली आहेत. नावं नकोत असं दोघांनी कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच गाळली.

तुळजापूरहून एक वाचक भगिनी : *सर, आमची इथं पिठाची गिरणी आहे. माझे सासरे सांगायचे, एका गोऱ्या सायबानं इथल्या पीठ विकणाऱ्यांना त्यांचंच पीठ खायला लावलं म्हणं. तुमचा लेख वाचल्यापासून माझा मुलगा गिऱ्हाइकांदेखत मला चिडवतो, 'आई, टेलर साहेब येईल हं!' हे खरं की नुसती सांगोवांगी?*

ताई, तुमचे सासरे खरं सांगत होते. निदान त्या साहेबानं स्वतः तसं लिहून ठेवलं आहे. त्याचं आत्मचरित्र तो गेल्यावर 1877 मध्ये निघालं, त्यात ही हकिकत आहे. माझी प्रत सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेली आहे, तिला मागचा पुठ्ठा नाही, पण हे पान शाबूत आहे.

तेव्हा टेलर निजामाच्या मुलखात पोलिसांचा मदतनीस अधिकारी होता. वय विशीच्या आतबाहेर. तुळजापूर त्याच्या हद्दीत. लोकांनी गाऱ्हाणं घातलं की बाजारातल्या पिठात वाळू मिसळतात. साहेबानं ना पंचनामा केला ना दंड ठोकला. सगळ्या पीठवाल्यांना बोलावून ओळीनं बसवलं, ज्याच्या त्याच्या पिठातून मोजून घेतलं, समोर ठेवलं आणि म्हणाला, खा. आता कोरडं पीठ, तेही वाळूचं. चार बुकण्यांत घशाला कोरड आणि दाताखाली कचकच. भोवती गाव जमलेलं, हसून हसून लोळायच्या बेतात. शेवटी पीठवाल्यांनी हात जोडले, पुन्हा असं करणार नाही म्हणाले, तेव्हा सुटका झाली. तुळजापूरच्या वाण्यांना त्यांचंच पीठ चारणारा साहेब, ही ओळख त्याला पुढं बरीच वर्षं पुरली.

गोष्ट झकास आहे, मीही वर्गात ती रंगवून सांगत असे. पण सांगता सांगता एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, 'सर, त्यातल्या एखाद्यानं वाळू घातलीच नसंल तर?' मी गप्प. त्या काळी न्याय म्हणजे साहेबाची तबियत. ती चांगली होती म्हणून आपण हसतो.

तुमच्या मुलाला मात्र एवढं सांगा की साहेबानं पकडले ते पीठ विकणारे होते. तुमच्या गिरणीत लोक आपापला डबा घेऊन येतात, आपलंच दळण घेऊन जातात. साहेब आला तरी तुमच्या दारावरून पुढं जाईल.

लातूरहून स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी : *सर, एका पुस्तकात टेलर कॅप्टन आहे, दुसऱ्यात कर्नल, तिसऱ्यात कमिशनर. ब्रिटिश लष्करात तो नेमका कोणत्या पदावर होता? उत्तर थोडक्यात द्यावे.*

थोडक्यात उत्तर असं की ब्रिटिश लष्करात तो नव्हताच. रागावू नका, हे थोडक्यात उरकण्यासारखं नाही.

टेलर जन्मला लिव्हरपूलला, 25 सप्टेंबर 1808 रोजी. घरची परिस्थिती ढासळलेली. मुंबईत बॅक्स्टर नावाचा एक व्यापारी होता, त्याच्या पेढीत पोराला चिकटवलं की पुढंमागं भागीदार होईल, या आशेवर त्याला 1824 मध्ये जहाजात बसवलं. वय पंधरा. मुंबईत उतरून बघतो तर पेढीच डबघाईला आलेली. आपल्याकडची पोरं पुण्याला नोकरीच्या भरवशावर जातात आणि तिथं गेल्यावर कंपनीला कुलूप दिसतं, तीच गत. त्याच्या आईचे एक नातलग, न्यूनहॅम नावाचे, मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची सनद मिळवून दिली. आणि हे सोळा वर्षांचं पोर मुंबईहून निघालं ते थेट आपल्या औरंगाबादच्या छावणीत येऊन दाखल झालं. म्हणजे टेलरची भारतातली खरी नोकरी सुरू झाली ती मराठवाड्यात. हे वाक्य परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण मला लिहिताना बरं वाटतं.

आता 'निजामाची फौज' म्हणजे काय, ते नीट बघा. हिला पुढं हैदराबाद कंटिंजंट म्हणत. अधिकारी गोरे, शिस्त इंग्रजी, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा, म्हणजे दरबारी बसलेल्या इंग्रज वकिलाचा, आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. फौज पोसायची निजामानं आणि वापरायची इंग्रजांनी. छावण्या कुठं कुठं? औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. यातल्या अधिकाऱ्याला हुद्दा मिळे, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याच्या पंक्तीला त्याचं पान मांडलं जात नसे. कंपनीचा माणूस याला कमी लेखणार, निजामाचे उमराव याला कंपनीचा समजणार. टेलरची सगळी हयात या मधल्या उंबऱ्यावर गेली. माझ्या मते त्याचं भलंही त्यातच झालं. कंपनीत असता तर बढती, बदली, क्लब यात गेला असता. इथं त्याला फारसी, हिंदुस्तानी, मराठी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लग्नही त्यानं केलं ते हैदराबादच्या सावकार विल्यम पामरच्या मुलीशी. या पामरचा बाप एके काळी पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि आई फैज बख्श बेगम. म्हणजे टेलरच्या मुलांची पणजी बेगम! ही बायको, मेरी, 1844 मध्ये वारली.

पुढचा हिशेब झरझर घेतो. 1841 ते 1853 सुरपूर संस्थानाचा कारभार. त्याच काळात लंडनच्या 'टाइम्स'ला इथल्या बातम्या लिहून पाठवणं. 1853 ते 1857 नळदुर्गला डेप्युटी कमिशनर. 1857 मध्ये वऱ्हाडात बुलढाण्याला. 1858 मध्ये पुन्हा सुरपूर. 1860 मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर मायदेशी. 1876 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतों इथं मृत्यू. हुद्दा कर्नलपर्यंत चढला. तेव्हा तुमची तिन्ही पुस्तकं आपापल्या वर्षापुरती बरोबर आहेत, फक्त 'ब्रिटिश लष्कर' हे दोन शब्द खोडा.

हिंगोलीहून एक वाचक : *ठगांचा बंदोबस्त टेलरनंच केला ना? आमच्या हिंगोलीचा त्याच्याशी काही संबंध?*

बंदोबस्ताचं श्रेय स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याचं, तो जबलपूरकडचा. टेलरला आयुष्यभर ही रुखरुख होती. नळदुर्ग-तुळजापूर भागात पोलिसात असताना वाटेवर नाहीशा होणाऱ्या माणसांच्या खबरा त्याच्या कानावर येत होत्या, तो माग काढत होता, आणि ऐन वेळी त्याला पोलिसातून काढून परत पलटणीत धाडलं. आत्मचरित्रात तो लिहितो की मला तिथं राहू दिलं असतं तर ठगीचा उलगडा पहिल्यांदा मीच केला असता. बदलीनं हातातोंडाशी आलेलं काम गेलं, हे दुःख आपल्याकडच्या कुठल्याही नोकरदाराला समजावून सांगावं लागणार नाही. पुढं माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब त्यानं ऐकले आणि त्यावरून 1839 मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची ती प्रसिद्ध कादंबरी, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', लिहिली. अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडानं सगळं सांगतो, अशी तिची रचना. छापून व्हायच्या आत राणी व्हिक्टोरियानं तिचे फर्मे मागवून वाचले होते.

आणि हिंगोली? अहो, त्या कादंबरीच्या प्रस्तावनेतच तुमचं गाव आहे, आणि अंगावर काटा येईल असं आहे. हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. अब्रूदार माणूस. गोरे अधिकारी त्याच्याकडून माल घेत, टेलरनंही घेतला होता. एकदा या हरीसिंगानं तिथल्या मुलकी अधिकाऱ्याकडं, कॅप्टन रेनॉल्ड्सकडं, मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. परवाना मिळाला. खरं तर ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं आणि तो व्यापारी मालाबरोबर वाटेत होता. हरीसिंगानं त्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना, सगळ्यांना वाटेतच संपवलं, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड्यावर विकला. सरकारी कागद दाखवून! पकडला गेल्यावर त्यानं हे आपण होऊन सांगितलं, तेही काय गंमत केली या थाटात. त्याच्या टोळीनं छावणीच्या बाजारातच, पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली होती. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर तिथं उभा होता.

त्यानं त्या माणसाकडून कापड घेतलं होतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाच्या अंगावर असेल ते.

जाता जाता एक. ठगीबद्दल इंग्रजांनी जे लिहिलं ते सगळंच्या सगळं मान्य करू नका. एवढा मोठा धर्मवेडा खुनी पंथ देशभर पसरला होता, असं म्हटलं की कंपनीला कुठंही हात घालायला निमित्त मिळे, असा आक्षेप इतिहासकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. पण हिंगोलीचे खड्डे खोटे म्हणता येत नाहीत.

उमरग्याहून एक वाचक : *आमच्या घरी पैज लागली आहे. वडील म्हणतात आपला भाग सप्टेंबर 1948 पर्यंत कायम निजामाकडं होता. मी म्हणतो मध्ये इंग्रजांकडं होता. कोण जिंकलं?*

तुम्ही जिंकलात, पण सात वर्षांपुरते. कंटिंजंट फौजेचा पगार थकत गेला, ती बाकी इंग्रजांनी निजामाच्या डोक्यावर कर्ज म्हणून मांडली आणि 21 मे 1853 च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख लिहून घेतला. तहात नाव धाराशिवचं, कचेरी नळदुर्गला, आणि पहिला डेप्युटी कमिशनर आपला टेलर. 1857 च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून 1860 च्या तहानं रायचूर आणि धाराशिव परत निजामाला मिळालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडलं नाही, तिथं कापूस होता. वडिलांना म्हणावं, पैजेचे पैसे अर्धेच द्या.

परंड्याहून एक वाचक : *तुळजापूरवर इंग्रजीत कादंबरी आहे असं तुम्ही लिहिलंत. तीत देवीचं वर्णन कसं आहे? मराठी माणसानं ती वाचावी का?*

कादंबरीचं नाव 'तारा'. काळ 1657 च्या सुमाराचा, अफजलखानाच्या स्वारीचा. तारा ही तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी, ती देवीला वाहिली जाते, मुरळी होते आणि पुढं अफजलखानाच्या मुलाशी तिचं लग्न लागतं. टेलरच्या डोक्यात तीन शतकांचा आराखडा होता. 1657 वर 'तारा', 1757 च्या प्लासीवर दुसरी, 1857 वर 'सीता'.

वाचावी का? देवळाच्या पायऱ्या, डोंगरउतार, गावातली माणसं, बाजारपेठ, हे त्यानं पाहून लिहिलं आहे आणि ते कळतं. बालाघाटाच्या कड्यावरून खाली दिसणारं माळरान ज्यानं घोड्यावरून पाहिलं तोच असं लिहील. पण शास्त्र्याची मुलगी जिथं तोंड उघडते तिथं ती लिव्हरपूलची होते. आणि शिवाजी महाराज बघायला म्हणून पुस्तक उघडाल तर निराश व्हाल, त्याचा जीव विजापूरकरांत गुंतलेला आहे. मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वर्णनं तेवढी वाचली, संवाद ओलांडून गेलो.

बीडहून एक वाचक : *तुम्ही शिक्षक होता म्हणून विचारतो. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्यातल्या एकाचे गोडवे तुम्ही गाता. 'रयतेला तो आपला वाटे' असं तुम्ही लिहिलं. हे कोणी ठरवलं? त्यानंच ना? 1857 मध्ये तुमचा हा टेलर कुठं होता?*

तुमचं पत्र मी तीन दिवस टेबलावर ठेवलं होतं. 'रयतेला तो आपला वाटे' हे मी त्याच्याच पुस्तकाच्या भरवशावर लिहिलं, ही चूक मान्य. आपल्या लोकप्रियतेचा दाखला माणसानं स्वतः द्यावा आणि मी तो उतरवून घ्यावा, हे मास्तरला शोभत नाही.

1857 मध्ये तो इंग्रजांच्या बाजूला होता, दुसरीकडं कुठं असणार? रेसिडेंट कर्नल डेव्हिडसननं त्याला नळदुर्गहून वऱ्हाडात धाडलं आणि निरोप दिला तो असा की ताबडतोब जा, द्यायला माझ्याकडं फौज नाही, पापण्यांनी का होईना पण मुलूख धरून ठेव. त्यानं धरून ठेवला. फौजेशिवाय, निव्वळ ओळखीपाळखीवर. त्याचा चांगुलपणा कंपनीच्या कामी आला, तो असा. जुलमी अधिकाऱ्याला तिथं पलटण लागली असती, याला लागली नाही. तुमच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नाही.

पण सुरपूरचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सुरपूर आज कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यात. बेरडांचं संस्थान. औरंगजेबानं म्हातारपणी, 1705 मध्ये, शेवटचा मोठा वेढा घातला तो यांच्याच वाकिनखेड्याला. टेलर 1841 मध्ये तिथं गेला तेव्हा गादीवरचा राजा व्यंकटप्पा नायक लहान होता. कारभार कुणी बघायचा यावरून राणी ईश्वरम्मा आणि टेलर यांचं कायम वाजलेलं. पण पोराचा लळा साहेबाला लागला, पोराला साहेबाचा. पोरगा साहेबाला 'आप्पा' म्हणे. कानडीत आप्पा म्हणजे बाप. बारा वर्षांनी राजा वयात आला आणि टेलरनं कारभार त्याच्या हाती सोपवला. त्या पोराची कुंडली ज्योतिषानं मांडली होती. चोविसावं वर्ष हा पार करणार नाही, असं ते भाकीत. टेलरला ते ठाऊक होतं.

फेब्रुवारी 1858 मध्ये राजानं इंग्रजांवर हत्यार उचललं. फौज आली, कॅप्टन न्यूबरी मारला गेला, पण सुरपूर टिकलं नाही. राजा हैदराबादकडं पळाला आणि पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटायला गेला तेव्हा पोरगं गळ्यात पडून रडलं. साथीदार कोण कोण होते ते सांग, म्हणजे तुला सवलत मिळेल, असा रेसिडेंटचा निरोप टेलरच्याच तोंडून त्याला पोचवला होता. राजानं एकाचंही नाव घेतलं नाही. मरायचंच असेल तर मला चोरासारखं फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच मागणं त्यानं आप्पाकडं मागितलं. मग फाशीची शिक्षा काळ्या पाण्यावर आली, काळ्या पाण्याची मद्रासकडच्या किल्ल्यात चार वर्षांच्या कैदेवर आली. तिकडं नेताना वाटेतल्या मुक्कामात राजानं पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल घेतलं आणि स्वतःवर झाडलं. चोविसावं वर्ष चालू होतं.

आणि त्या राजाविना राहिलेल्या सुरपूरचा कारभार बघायला सरकारनं पाठवलं ते टेलरलाच. तो गेला.

हे सगळं टेलरनंच लिहिलेलं आहे. राजाची बाजू राजानं लिहिली नाही, राणीची राणीनं लिहिली नाही. म्हणून तुमचा आक्षेप मी खोडून काढत नाही. पण गोष्ट लपवायची असती तर कैदेतली ती भेट त्यानं गाळली असती, आणि मी त्याला निव्वळ 'लुटारू' म्हणून मोकळा झालो असतो. त्यानं ती गाळली नाही. साथीदारांची नावं विचारायला कोण गेलं होतं, हेही गाळलं नाही. तुम्ही याला काय म्हणता ते जरूर कळवा, पत्र छापीन.

दुरुस्ती : मागच्या अंकात 'तारा' कादंबरीचं साल 1836 छापलं गेलं. ते 1863 असं वाचावं. जुळणीची चूक नाही, माझ्या अक्षराची आहे.